दार, एक नग

"तीन घरं बदललीत तुम्ही," खिडकीवरचे साहेब म्हणाले आणि माझा अर्ज काचेखालून परत सरकवला. "सलग वास्तव्य धरता येत नाही."

मी रंगारीण आहे. लोकांची घरं रंगवते. स्वतःचं म्हणावं तर तात्पुरत्या वसाहतीतली एक खोली, तीही सरकारची. तिकडचं घर राहिलं नाही म्हणून लेकीला हाताला धरून या देशात आले, तेव्हा 'सहा महिन्यांची सोय' म्हणून ही खोली मिळाली. त्या सहा महिन्यांना या वर्षी अकरा वर्षं झाली. मोरी तीच, गळणारा कोपरा तोच, भिंतीपलीकडे खोकणारी शेजारीणही तीच.

"साहेब, मी एकदाही खोली बदललेली नाही."

"आमच्याकडे वेगळं दिसतंय. आधी एकतीस नंबर. मग क-चौदा. आता ट-दोनशे सात."

"नंबर तुम्ही बदललेत. खोली तीच आहे."

"तसं कुठे लिहिलंय?"

"तुमच्या जुन्या रजिस्टरात असेल की."

"ते सापडत नाही. मध्ये ऑफिस हललं ना आमचं."

म्हणजे ऑफिस हललं, रजिस्टर हललं, नंबर हलले, आणि अकरा वर्षं जागची न हललेली मी एकटी. तरी घरं बदलल्याचा ठपका माझ्याच डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी तोंड उघडणार तेवढ्यात लेकीने माझा दंड धरला. ती मला ओळखून आहे.

नियम तिला पाठ होता. नागरिकत्वासाठी दहा वर्षांचं सलग वास्तव्य लागतं, आणि तात्पुरत्या घरात राहणाऱ्यांनी ते एकाच खोलीतलं असल्याचं दाखवावं लागतं. अर्ज दाखल झाला की अठराच्या आतली मुलं आईच्या अर्जात येतात. लेकीला अठरा पूर्ण व्हायला बारा दिवस उरले होते. त्या आत अर्ज दाखल झाला नाही तर तिने स्वतःचा अर्ज करायचा, आणि तिची दहा वर्षं वाढदिवसापासून नव्याने मोजायची. सहा वर्षांची होती ती इथे आली तेव्हा. लिहायला-वाचायला इथेच शिकली. तिकडची तिला एक गल्लीसुद्धा आठवत नाही. आणि हे म्हणणार, बाई, तुम्ही कालच आलात.

घरी मी ताडताड चालत पोचले. आत शिरले आणि दार आपटलं. राग आला की हाताशी असेल ते आपटायची मला सवय आहे. आमच्या भांड्यांचे पोचे बघून कुणीही ओळखेल. दाराच्या कडेचा एक टवका उडाला आणि लेकीच्या पायाशी पडला. तिने तो उचलला, उलटा केला, नखाने टोकरला.

"आई, करड्या रंगाखाली हिरवा आहे."

"असणारच. आधी हिरवंच होतं."

"आणि हिरव्याखाली निळा."

मी तिच्या हातातला टवका घेतला आणि खाली बसले. खरं सांगते, मला तेव्हा आनंद नाही झाला, लाजच वाटली. कारण वरचे दोन्ही रंग मीच दिले होते.

झालं होतं असं. नंबर बदलायचे म्हणजे आधी जुना पुसायला हवा, म्हणून दर वेळी अख्ख्या वसाहतीची दारं नव्या रंगात रंगवली जायची. मग ऑफिसचा माणूस यायचा, साचा लावून नवा नंबर काढायचा आणि त्याखाली तपासणीची तारीख टाकून ऑफिसची खूण उमटवायचा. रंगवायचं काम वसाहतीतल्याच रंगारणीला दिलं. मला. आणि मी ते काम कसं केलं? चोख केलं. प्रत्येक दार पत्र्याने खरवडलं, पॉलिश पेपर मारला, लाकूड उघडं पडेपर्यंत जुना रंग काढला, मग प्रायमर आणि वर दोन हात. दोनशे दारांवरचा पुरावा मी माझ्या हाताने घासून काढला, आणि 'काय हात आहे बाईचा' असं लोक म्हणाले तेव्हा खूशही झाले.

फक्त एका दाराला मी कंटाळा केला. आपल्या. घरचं काम, कोण बघतंय, मार वरून दोन हात. दोन्ही वेळा तसंच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या अंधाराने आज आमची लाज राखली.

पुढचे दोन दिवस मी कामावर गेले नाही. दार बिजागऱ्यांतून काढलं, दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं आणि खरवडायला बसले. नशीब असं की नंबर टाकणारी माणसं तीन वेळा तीन होती. पहिला उंच होता, त्याने नंबर डोक्याच्या वर टाकला. दुसरा बुटका, त्याने मधोमध. तिसऱ्याला उभं राहायचंही जिवावर आलं असावं, त्याने बसूनच कडीच्या खाली टाकला. त्यामुळे एक उघडा करताना दुसरा पुसला गेला नाही. करडा थर पातळ आहे, हिरवा जाड, निळा तर भुसभुशीत. जरा जोर झाला की आकडा रंगासकट निघून यायचा. आयुष्यात इतक्या हळू हाताने मी काम केलेलं नाही. संध्याकाळी वरच्या चौकटीत निळ्यावर पांढरा ३१ दिसला, खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख आणि ऑफिसची खूण. दुसऱ्या दिवशी हिरव्यावर क-१४. ट-२०७ तर करड्यावर होताच.

शेजारच्या इस्त्रीवाल्या आजी चहाचा पेला घेऊन बघत उभ्या होत्या. त्यांचाही अर्ज परत आला होता, दुसऱ्यांदा.

"माझ्या दाराखालीही असेल ना गं?"

"नाही आजी. तुमचं मी साफ खरवडलं होतं."

त्यांनी जाऊन आपल्या दारावरून तळहात फिरवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "छान गुळगुळीत झालंय मात्र."

तिसऱ्या दिवशी आम्ही दार हातगाडीवर बांधून ऑफिसात नेलं. पुढे मी, मागे लेक, बाजूने दाराला हात लावून आजी. आजी आपले कागदही इस्त्री करून आणतात. त्यांच्या फाइलला एक सुरकुती सापडायची नाही. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "हे काय?" लेक म्हणाली, "पुरावा." त्याने दाराकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

रांगेत आमचा नंबर येईपर्यंत दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आला तसं मी ते उचलून थेट खिडकीसमोर उभं केलं. साहेबांची काच झाकली गेली. आतून आवाज आला, "अहो, अंधार झाला इथे."

"तिन्ही नंबर वाचा, साहेब. तारखाही वाचा."

ते चष्मा सारखा करत बाहेर आले. वाचलं. बोटाने चाचपून पाहिलं.

"हे सरकारी दार काढून आणलंत तुम्ही?"

"सरकारीच आहे. म्हणून तर आणलं. दार तुमचं, नंबर तुमचे, तारखा तुमच्या, खूण तुमची. माझी फक्त आतली बाजू."

"पुरावा कागदावर लागतो. दोन प्रतींत."

"दुसरी प्रत सुताराकडून करून आणू का?" लेकीने विचारलं. रांगेतले लोक हसले. साहेबांनाही हसू आलं होतं, पण त्यांनी ते आवरलं.

मग ते माझ्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायला हवं. "हे बघा बाई, मला पटलंय. तुमच्या अर्जावर 'पत्त्यातील चूक दुरुस्त' असं लिहितो आणि आत्ता दाखल करून घेतो. मुलीचंही त्यात होऊन जाईल. दार मात्र घरी न्या. त्याची नोंद नको."

"नोंद का नको?"

ते उत्तर द्यायचं टाळत होते, पण त्यांची नजर माझ्या मागे गेली. मागे आजी उभ्या होत्या, इस्त्रीची फाइल छातीशी धरून. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमची एकतीस तर आजींची तीस. आमची क-चौदा तर आजींची क-तेरा, आणि आता ट-दोनशे सहा. नंबर दर वेळी ओळीनेच टाकले होते. एका दाराची नोंद झाली की अख्ख्या वसाहतीचा हिशोब लागतो, आणि परत पाठवलेला एकेक अर्ज पुन्हा उघडावा लागतो.

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. नऊ दिवस उरले होते. फक्त 'बरं' म्हणायचं होतं, लेक सुटत होती. आईने दुसरं काय करायचं असतं? मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला काय बघतेस? दारं तू खरवडलीस." मग म्हणाली, "मी थांबेन."

साहेबांच्या डोक्यावर भिंतीला एक पाटी होती. इतकी वाकडी अक्षरं की लिहिणाऱ्याच्या हातातला ब्रश काढून घ्यावा. पण वाचता येत होती: 'अर्जदाराने सादर केलेल्या प्रत्येक पुराव्याची नोंद होईल व पोच दिली जाईल.'

मी बोट दाखवलं. "ती पाटी वाचा, साहेब."

"ती कागदपत्रांसाठी आहे."

"'पुराव्याची' लिहिलंय. कागदाचं नाव नाही त्यात. मी दार सादर केलंय. घ्यायचं नसेल तर घेत नाही असं लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी. तोवर हे इथून हलायचं नाही. न हलायची आम्हाला अकरा वर्षांची सवय आहे."

रांगेत कुणीतरी म्हणालं, "लिहा हो साहेब, आमचाही खोळंबा होतोय." मागून दुसऱ्याने तेच म्हटलं. मग तिसऱ्याने. दार तसंच उभं, खिडकी बंद, आणि रांग फाटकापर्यंत गेलेली. साहेबांनी पाटीकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत ती त्यांनी पहिल्यांदाच वाचली. कपाळ पुसलं, आत जाऊन बसले आणि म्हणाले, "आधी ते जरा बाजूला घ्या, लिहायला उजेड पाहिजे."

आम्ही दार एक वीत सरकवलं. जास्त नाही.

त्यांनी लिहिलं. मी काचेतून एकेक अक्षर वाचून घेतलं. जोडपत्र सात: दार, लाकडी, एक नग, तीन नंबर व तीन तारखांसह. मूळ प्रत जमा. खाली 'अर्ज दाखल', सही, शिक्का, आणि लेकीचं वय, सतरा. मूळ प्रत जमा म्हणजे दार तिथेच ठेवावं लागणार होतं. ठेवलं. पोच आधी आजींच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "चुरगळली आहे. दे, घरी गेल्यावर इस्त्री करते." त्या आठवड्यात अर्ज परत आलेल्या शेजाऱ्यांनी त्या पोचेच्या किती झेरॉक्स काढल्या ते दुकानदारालाच ठाऊक.

दाराच्या जागी मी जुनी चादर लावली. वारा येतो, मांजर येतं, ज्याला यायचं तो हाक न मारताच येतो. लेकीचा वाढदिवस त्या चादरीमागेच झाला. निकाल यायला वेळ लागेल म्हणतात, लागू दे. अर्ज आत आहे.

परवा ऑफिसचा नवा माणूस आला, साचा आणि रंगाचा डबा घेऊन. नंबर पुन्हा बदलायचे आहेत म्हणे. आमच्या चादरीसमोर येऊन तो थबकला.

"दार कुठे आहे?"

"तुमच्याच ऑफिसात राहतं ते आता," मी म्हटलं. "त्याला कायमचा पत्ता मिळाला. आमचा तेवढा बाकी आहे."