नदीकडचं दार

आमच्या दुकानाला दोन बाजू आहेत. रस्त्याकडची दादाची, नाल्याकडची माझी. वडिलांनी वाटणी करताना घड्याळं विकायचं काम मोठ्याला दिलं, दुरुस्तीचं धाकट्याला, आणि दोघांना सारखं दिलं या समाधानात ते गेले. मधे एक दार ठेवलं. माझ्याकडे यायचं तर दादाच्या काउंटरवरूनच यावं लागे.

दादाचा स्वभाव वाईट नाही, फक्त त्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. बंद पडलेलं घड्याळ हातात घेतलं की तो म्हणायचा, "यात काय राहिलंय आता? नवीन घ्या." दहातले सात जण नवीन घ्यायचे. उरलेल्या तिघांच्या घड्याळांना तो चिठ्ठी बांधायचा, मधल्या दारातून हात आत घालायचा आणि "रिपेअर" म्हणायचा. चोवीस वर्षं दुकानात आम्हा भावांचं बोलणं बहुतेक एवढंच.

मग नाल्याची नदी झाली. म्हणजे ती आधीपासून नदीच होती म्हणे, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षं खोदाखोदी चालली, गटारं दुसरीकडे वळवली, पाण्याला पाण्याचा रंग आला आणि काठाने चालायची वाट झाली. एका सकाळी नगरपालिकेची इंजिनिअर बाई हातात टेप घेऊन माझ्या खिडकीशी आली. वासामुळे ती खिडकी मी इतकी वर्षं उघडली नव्हती की रंगाने चिकटून बसली होती. आम्ही काचेआडूनच बोललो.

"दुकानदारांनी नदीकडे दारं काढायची आहेत," ती म्हणाली. "वाटेवरची माणसं थेट आत आली पाहिजेत. फलकावरच्या नकाशात तुमचं नाव येईल."

"दादाचं की माझं?"

"दार कुणाचं?"

"माझं."

"मग तुमचं. पण एका नावाला एकच दार. मधलं बंद करून घ्या."

पंखा बंद करा म्हणावं तसं ती हे म्हणाली. कुणीतरी असं म्हणावं म्हणून मी चोवीस वर्षं थांबलो होतो.

गवंड्याने दोन दिवसांत नदीकडचं दार काढलं. मधल्या दारासाठी विटा आणून टाकल्या आणि पुढच्या सोमवारचा वायदा करून तो दुसऱ्या कामावर गेला. मला तेवढाही धीर निघेना. मी कपाट सरकवून मधल्या दाराला लावलं आणि त्यात सगळी हत्यारं भरली.

पलीकडून वहिनीने विचारलं, "भाऊजी, काही पडलं का?"

"नाही वहिनी. कपाट हलवलं."

तिच्या चपलांचा आवाज लांब गेला.

नदीकडून माणसं खरंच आली. वाटेवर रोज फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यांनी सगळ्या सभासदांना एकाच छापाची घड्याळं घेतली होती, अर्थात दादाकडून, आणि ती आता एकेक करून बंद पडत होती. आठवड्यात अकरा घड्याळं आली. नवीन घ्या म्हणायला कुणी नव्हतं. मी डोळ्याला भिंग लावून बसायचो, समोर आलेलं घड्याळ तिथल्या तिथे उघडायचो, बिघाड चिठ्ठीवर लिहायचो आणि म्हणायचो, "रविवारी या." इतका जीव लावून काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

एका घड्याळाने मात्र वैताग आणला. अगदी नवं, पट्ट्यावर घडीसुद्धा नाही, काटे सेकंदाला चोख. दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी चिठ्ठीवर 'काही बिघाड नाही' असं लिहिलं आणि मालकाला मनातल्या मनात मूर्ख ठरवलं.

रविवारी सकाळी दारात दहा जण उभे होते, दहाही जणांच्या डोक्यावर मंडळाची एकसारखी टोपी. मी अकरा घड्याळं ओळीने मांडली आणि तिथेच घोडं अडलं. चिठ्ठ्यांवर होतं, 'काटा घासतो', 'चाकाचा दात झिजला', 'पाणी गेलं'. कुणाचं, ते कशावरच नव्हतं. दादाच्या चिठ्ठ्यांवर 'उंच, घाईत, पायरीला अडखळतो' असलं काहीतरी असायचं. ते वाचून मी हसत आलो होतो.

"आपापलं ओळखा," मी म्हणालो. दहाही हात त्या नव्या घड्याळाकडे गेले.

मी मुकाट्याने हत्यारं बाहेर काढली आणि कपाटामागचं दार ठोठावलं. "दादा, जरा येतोस का?"

"कपाट आहे ना तिथे," तो पलीकडून म्हणाला.

"तू ढकल, मी ओढतो."

आत आल्यावर त्याने घड्याळांच्या आत पाहिलंच नाही. पट्टे पाहिले, माणसं पाहिली. "शेवटच्या भोकाशी घडी आहे, मनगट बारीक. ताई, हे तुमचं. यावर रंगाचा थेंब आहे. तुम्ही घरं रंगवता ना? घ्या." पंधरा मिनिटांत दहाही जण आपापलं घड्याळ हातात घालून वाटेला लागले. नवं तेवढं उरलं.

"हे कुणाचं?" मी विचारलं. "कुणी शहाणा चालू घड्याळ घेऊन आला होता."

दादाने चिठ्ठी वाचली. "माझं."

"तू कधी आलास?"

"बुधवारी. इकडून रस्ता नव्हता, म्हणून पुलाला वळसा घालून आलो. तुझं कसं चाललंय ते बघायचं होतं. घड्याळ आपलं काउंटरमधलं उचललं." त्याने ते खिशात टाकलं. "तू मान वर केली नाहीस. रविवारी या म्हणालास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग काही बोलला का नाहीस?"

"बोललो की. 'रिपेअर' म्हणालो."

सोमवारी गवंडी आला. त्या विटांचा मी नदीकडच्या दाराबाहेर बसायला कट्टा बांधून घेतला. इंजिनिअर बाईने मधलं दार मोजलं, वहीत काहीतरी खोडलं आणि आमचं नाव नकाशावर आलं नाही. दादा कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत असतो, त्यामुळे नकाशावाचून फारसं अडत नाही. चिठ्ठ्या तोच लिहितो. अजूनही निम्म्यांना नवीन घ्या म्हणतो. उरलेल्यांची घड्याळं हात आत घालून माझ्यापुढे ठेवतो, "रिपेअर" म्हणतो, आणि मी मान वर करतो.