साचा, शिंपी आणि पायपुसणं

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. विटांचा किंवा मेणबत्त्यांचा नव्हे, वेबसाइटवरचा. त्यामुळे मला हातात धरता येत नाही. डावीकडे फोटोची चौकट, उजवीकडे नावाची जागा, त्याखाली स्वभावाच्या तीन ओळी आणि तळाशी फोन नंबर असलेले हिरवे बटण, 'मला घरी न्या'. एवढाच माझा संसार.

माझा जन्म बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात, औषधांच्या कपाटाला खेटून ठेवलेल्या एका टेबलावर झाला. मला घडवले खिळेकाकांनी. ते निवाऱ्यातल्या डॉक्टरबाईंचे सासरे. उभा जन्म त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर मांडला, म्हणून हे नाव. छापखाना बंद पडल्यावर त्यांना घरात करमेना, तेव्हा सुनेने त्यांना निवाऱ्याच्या वेबसाइटपुढे आणून बसवले. सुरुवातीला माऊस त्यांच्या हातातून साबणासारखा निसटायचा. पण मोकळी जागा कुठे आणि किती सोडायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. माझ्यावर त्यांनी तब्बल तीन दिवस घालवले. फोटो आणि नाव यांत बोटभर अंतर ठेवले, ते अर्ध्यावर आणले, चष्मा पुसला आणि पुन्हा थोडे वाढवले. मग 'प्राणी-ओळख' असे नाव देऊन मला सेव्ह केले.

एकदा सेव्ह केले की मला हव्या तितक्या पानांवर मांडता येते. प्रत्येक पानावर फोटो निराळा, नाव निराळे, पण मांडणी, बटण आणि नंबर माझाच. मूळ साच्यात एक बदल केला की सगळ्या पानांवर तो आपोआप होतो. मात्र एखाद्या पानावर 'सुटे करा' असे म्हटले, की तिथली प्रत माझ्यापासून तुटते. पुढे माझे काहीही होवो, तिला पत्ता लागत नाही.

ती वर्षे फार सुखाची होती. माझ्या चौकटीत तिरळी मांजर बसली, तीन पायांचा बोका बसला, एकदा तर बदकही बसले. लोक यायचे आणि म्हणायचे की तुमचे पान बघितल्याबरोबर प्राणी ओळखीचा वाटतो. खिळेकाका वर बघायचे नाहीत, पण त्यांचे कान लाल व्हायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने ठरली आणि काही महिने त्यांना पडद्यापुढे बसायची बंदी झाली. त्यांच्या जागी ज्या बाई आल्या, त्यांना सगळे झटपटताई म्हणत. मनाने लाख माणूस, पण हाताला दम नाही. काळ्या कुत्र्याला पिवळी पार्श्वभूमी हवी, की केली प्रत सुटी. मांजरीचे नाव लांब, की केली प्रत सुटी. त्या प्रतींच्याही प्रती निघाल्या. साच्यांच्या यादीत 'कार्ड नवीन', 'कार्ड नवीन नवीन', 'कार्ड खरे' आणि 'हेच वापरा' अशी भावंडांची रांग लागली. मी पार तळाशी गेलो.

त्याच सुमारास निवाऱ्याचा फोन नंबर बदलला. झटपटताईंनी मला शोधून नवा नंबर घातला आणि काम झाले असे समजून त्या उठल्या. बावन्न पानांपैकी अकरा पानांवर तो बदलला. उरलेली एक्केचाळीस सुटी पाने जुनाच नंबर दाखवत राहिली.

त्यांतले एक पान पायपुसण्याचे होते. पायपुसणं म्हणजे अकरा वर्षांचा, एका कानाचा, केसाळ कुत्रा. सदोदित दारातच पसरायचा, म्हणून हे नाव. आठ महिने झाले तरी त्याच्यासाठी एकही फोन आला नव्हता. निवाऱ्यात जागा उरली नव्हती. शनिवारी गाडी येणार होती आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना दूरच्या मोठ्या निवाऱ्यात नेणार होती. तिथून म्हातारी जनावरे सहसा कुणी घरी नेत नाही, हे डॉक्टरबाईंना ठाऊक होते. त्या दिवसांत त्या जाता-येता त्याच्यापाशी थांबायच्या आणि त्याचा एकुलता कान कुरवाळून पुढे जायच्या.

गुरुवारी सकाळी गळ्यात टेप अडकवलेला एक माणूस दारात आला आणि पायपुसण्याला ओलांडून आत शिरला. तो शिंपी होता. त्याने सांगितले की नवीन नंबर घेतल्यापासून त्याला भलतेच फोन येतात; निवाऱ्याचा जुना नंबरच कंपनीने त्याला दिला होता. बोका खोडकर आहे का, कुत्रा मुलांना चावेल का. आधी तो वैतागला, मग त्याला गंमत वाटू लागली, आणि शेवटी मनाला लागले, म्हणून त्याने सगळे लिहून ठेवले. फोन करणाऱ्यांनी सांगितलेल्या खाणाखुणांवरून त्याने बऱ्याच खटपटीने हा पत्ता शोधला होता. त्याने मापांची वही उघडली. छाती, कंबर, बाही, आणि मध्येच 'काळी मांजर, शांत हवी', पुढे फोन नंबर.

डॉक्टरबाई पाने उलटत होत्या. एके ठिकाणी त्यांचे बोट थांबले. त्यांनी मोठ्याने वाचले, "पायपुसणं. शाळेतल्या निवृत्त बाई. तीनदा फोन. म्हातारं असलं तरी चालेल म्हणाल्या."

झटपटताई खाली मान घालून म्हणाल्या, "चूक माझी आहे. मला वाटलं, एकदा बदलला की झालं."

डॉक्टरबाईंनी आधी त्या बाईंना फोन लावला आणि मग घरी सासऱ्यांना. "बाबा, डोळे बरे असतील तर जरा येता का?"

खिळेकाका आले. नव्या डोळ्यांनी त्यांनी यादी तळापर्यंत पाहिली आणि मला शोधून काढले. झटपटताईंना वाटले, आता हजेरी घेतली जाणार. पण ते त्यांच्यासाठी खुर्ची ओढत म्हणाले, "छापखान्यात एक खिळा चुकला की हजार प्रती चुकायच्या. इथं एक बरोबर केला की सगळं बरोबर होतं. एवढी चैन आम्हाला कुठली मिळायला? बसा, दोघं मिळून करू."

दुपारपर्यंत दोघांनी एकेक सुटी प्रत काढून तिथे मला बसवले. पिवळी पार्श्वभूमी हवी असेल तर तिचा वेगळा साचा करून त्याला 'प्राणी-ओळख, पिवळी' असे सरळ नाव दिले. 'हेच वापरा' वगैरे मंडळींना निरोप दिला. मग शिंप्याने खात्रीसाठी एकेका पानावरचा नंबर मोठ्याने वाचला. बावन्नच्या बावन्न बरोबर निघाले.

शाळेच्या बाई शुक्रवारी आल्या. पायपुसणं उठून उभे राहिले, ही गोष्टच निवाऱ्यात नवी होती. शिंप्याचे म्हणाल तर दोन दिवस फोन वाजला नाही म्हणून त्याला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी तो आला आणि वहीतल्यासारखीच एक शांत काळी मांजर घेऊन गेला.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काही घडवाल आणि पुन्हा पुन्हा वापराल. त्याला दुसऱ्याला कळेल असे नाव द्या. घाईत सुटे करण्याआधी क्षणभर थांबा. आणि काही बदलले, तर ते कुठे कुठे पोहोचायचे राहिले आहे, तेही बघा. त्या टोकाला कुणीतरी तीन-तीनदा फोन करत असते. आता पायपुसण्याचे पान वेबसाइटवरून काढले आहे. माझ्या चौकटीत नवा फोटो आला की मला आनंद होतो, हे खरे. पण तो निघून गेला, की त्याहून जास्त होतो.