उजवीकडची खिट्टी

तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा — चष्म्याच्या डबीत, फडक्याखाली इतके दिवस जपून ठेवलेला — महादेवरावांनी चिमटीत धरून कॅसेटच्या वरच्या कडेला लावून पाहिला. उजव्या कोपऱ्यातल्या, मोडलेल्या खिट्टीच्या खाचेत तो नेमका बसला. डावीकडची खिट्टी शाबूत. आणि बायकोचा, शामलाचा आवाज होता तो याच, समोरच्या बाजूला... म्हणजे कोरी बाजू राखली आपण. भरलेली उघडी टाकली.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक प्रेमिला कोराडीहून आली होती, जावयाचा टेपरेकॉर्डर घेऊन. चुलीपाशी बसून आईकडून पाटोडीच्या रश्शाची कृती कॅसेटवर वदवून घेतली आणि जाताना मशीन इथेच ठेवून बजावलं, "बाबा, डावीकडची खिट्टी मोडजा. मग लाल बटन दबतच नाही. नाही तर तुमचं भजन बसन आईवर." शामला हसली होती — "मास्तर हाय ते. त्याइले डावं-उजवं काय शिकवतं वं?"

खरंच की. जन्मभर पहिलीच्या पोरांना शिकवलं, जेवतो तो हात उजवा. आणि आपण कॅसेट धरली ती पाठमोरी.

मग झटका आला. शामलाचा जेवायचा हात गेला, वाचा गेली. उरला एकच आवाज — अँ. तहानेला अँ, उजेडाला अँ. महादेवराव रोज सकाळी खाटेशी स्टूल ओढून बसत. म्हण शामला, पा-णी. घाई नाही. पुन्हा म्हण. कितीतरी बोबडी पोरं अशीच बोलती केली होती त्यांनी. ती कधी ओठ हलवी, बहुतेकदा भिंतीकडे तोंड करी. आपण भाजीला गेलो तरी धडा चालू राहावा म्हणून त्यांनी तो कॅसेटच्या कोऱ्या बाजूवर भरायचं ठरवलं. नाव कुठल्याच बाजूला लिहिलेलं नव्हतं. खिट्टी मोडल्यावर लिहायचं कशाला? एका बाजूला लाल बटन दबेना. म्हणजे शामला इथे. उलटली, दबलं. आधी ऐकून पाहायचं होतं — पण तो आवाज ऐकायचा धीर कुठे होता? म्हणून बटनावर भरवसा ठेवला. घसा खाकरून म्हणाले, "म्हण, पाणी..."

आज प्रेमिला कॅसेटची नक्कल करून घ्यायला येणार, म्हणून सकाळी त्यांनी ती लावली. रस्सा नव्हता. कांदा नव्हता, खोबरं नव्हतं. मी होतो. माझाच समजूतदार, न थकणारा आवाज — पाणी... दिवा... भाकर... मध्ये मध्ये तिच्यासाठी मोकळी सोडलेली जागा, आणि त्या जागेत नुसती खरखर. मी पुसली तिला. शिकवता शिकवता.

खाटेवर शामलानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. महादेवराव मशीन बंद करायलाही विसरले. धडा संपला, टक्‌ असं वाजलं, आणि फितीच्या उरलेल्या तुकड्यावरून, अर्ध्या वाक्यातून, ती बोलली —

"...झालं नं आता? बंद कर वं ते. बाबाले भूक लागून राहिली."

एवढंच. मग फीत नुसती फिरत राहिली.

शामला वळली होती. मशीनकडे पाहत तिनं डाव्या हातानं, चाचपडत, पदर डोक्यावर ओढला — घरात कुणी परकी बाई आली की ओढायची तसा.

महादेवरावांना वाटलं सांगावं, अगं तूच आहेस ती. पण ते शिकवायचं कसं?

"अँ," ती म्हणाली. त्यांनी 'म्हण, पाणी' म्हटलं नाही. उठले, माठातलं पाणी पेल्यात घेतलं, तिच्या मानेखाली हात घातला. अर्धं हनुवटीवरून ओघळलं. ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं टिपलं. मग मशीनमधून कॅसेट काढली आणि चष्म्याची डबी उघडली.

फाटक वाजलं.

"बाबा! दोन कॅसेटींचं मशीन आणलं, लय जड हाय. धरा नं थोडं! आईची कॅसेट काढून ठेवली नं?"

त्यांनी तोंड उघडलं. शब्द होते — सगळेच्या सगळे, जिभेवर ओळीनं उभे — पण एकही पुढे सरकेना. शामला त्यांच्या तोंडाकडे एकटक पाहत होती; त्यांनी रोज तिच्याकडे पाहावं तशी.

"बाबा? काहून बोलून नाही राहिले?"