विरळणी

टक्. राईस कुकरचा खटका उडाला आणि शुभाच्या हातातला शिक्का कागदावर तिरका टेकला.

तिने झटकन हात उचलला. नवऱ्याच्या आडनावाचं अर्धंच अक्षर उमटलं होतं, लाल आणि ओलं. हमीपत्राच्या दोन प्रती होत्या, त्यातली एक वाया गेली. दुसरीला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. जपानात सहीच्या जागी चालणारा तो शिक्का पुसून तिने डबीत घातला, डबी खणात ठेवली आणि खणाला पाठ लावून उभी राहिली. जणू तो आतूनच कोणी उघडणार होतं.

तेत्सुओला जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते. नागोयाजवळचा त्याचा सुट्या भागांचा कारखाना मार्चमध्येच बंद पडला होता, पण तिला कळलं ते जुलैत. तोवर तो रोज टाय लावून सातची गाडी पकडत होता, संध्याकाळी दमून परत येत होता आणि ती न चुकता त्याचा डबा भरत होती. कळलं त्या रात्री तिने भांडण केलं नाही. “जेवून घे,” एवढंच म्हणाली. सकाळी तो गेला, तो गेलाच. पोलिसांनी लिहून घेतलं आणि हल्ली अशी माणसं जातात म्हणाले. तेव्हापासून नदीत कोणी सापडल्याची बातमी लागली, की शुभा टीव्हीचा आवाज बंद करून पडद्याला डोळे लावायची.

येत्या शुक्रवारी तिचा व्हिसा संपत होता आणि नवऱ्याच्या हमीशिवाय तो वाढत नव्हता. सात वर्षांची नुपूर इथलीच, बापाच्या घराण्याच्या सरकारी नोंदीत नाव असलेली. तिला कोणी हलवणार नव्हतं. सासूबाईंचा फोन येऊन गेला होता. आवाज अगदी मऊ होता. तुला जावं लागलंच तर मुलीची काळजी करू नकोस, म्हणाल्या, तिची शाळा बुडायला नको.

भात तसाच ठेवून तिने नुपूरला उठवलं, टोपी घातली आणि सायकलच्या मागच्या सीटवर बसवलं. आज मळ्यावर जाणं भाग होतं.

मळा हा शुभाचा शब्द. दोन साड्या शेजारी-शेजारी पसरल्या की संपेल एवढा तो तुकडा तेत्सुओने नगरपालिकेकडून वर्षाच्या कराराने घेतला होता. महिनाभर कोणी फिरकलं नाही, म्हणून कार्ड आलं होतं: रविवारपर्यंत गवत काढा, नाहीतर तुकडा दुसऱ्याला देऊ. तुकडा गेला तर गेला, पण मग चौकशी झाली असती, करार ज्याच्या नावावर आहे तो माणूस कुठे आहे म्हणून. सगळ्यांना तिने सांगितलं होतं की तो कामासाठी दूर दक्षिणेला, क्यूशू बेटावर गेलाय.

सप्टेंबर लागला तरी ऊन सकाळी सातलाच चावत होतं. वांगी जून होऊन पिवळी पडली होती. काकडीचा वेल मांडवावरच वाळून काळा पडला होता, त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. गवत गुडघ्याला लागत होतं. शुभा पायवाटेकडून बसली आणि विळा चालवायला लागली. नुपूर मांडवामागे नाकतोडे शोधायला गेली.

शेजारच्या तुकड्यातले मोरी-सान बादली घेऊन आले. सत्तरी उलटलेले, निवृत्त पोस्टमन. तिला ते ‘ओकुसान’ म्हणत, आपल्याकडे वहिनी म्हणावं तसं.

“काय ओकुसान, नवरे पेरून मोकळे होतात आणि गवत तेवढं बायकांच्या वाट्याला?”

शुभा हसली. हसायची सवय आता हाताशी होती.

“ते इथे नाहीत ना, म्हणून.”

“परत गेला होय? काल तर होता.” मोरी-सानांनी बादली खाली ठेवली. “पहाटे साडेचार-पाचला. मी म्हटलं, क्यूशूहून उतरलास तो थेट मळ्यातच? तर नुसता मान हलवत राहिला.”

विळा गवताच्या बुडख्यात रुतला होता. शुभाने तो ओढला नाही. आहे. जिवंत आहे. उन्हात बसूनही तिच्या दंडांवर काटा आला. ओरडावंसं वाटलं, मोरी-सानांचे मातीने भरलेले हात धरावेसे वाटले. तिने मूठभर गवत नुसत्या हाताने उपटलं.

“टोपी घातली होती का त्यांनी?” तिने विचारलं. “विसरतात नेहमी.”

“डोक्याला पंचा गुंडाळला होता.” त्यांनी बादलीची कडी सरळ केली. “वाळलाय जरा. बाहेरचं खाणं, दुसरं काय.”

“हो ना. कितीदा सांगितलं.”

“पण मुळा अगदी वेळेवर लावला हं. आपल्याकडे जमिनी काय थोड्या पडल्यात ओसाड? पण हा आपला तुकडा सोडत नाही. एकेका आळ्यात पाच-पाच बिया. मला म्हणाला, रोपं वर आली की विरळणी तेवढी कराल का, आळ्यात एकच ठेवा.” मोरी-सान आता तिच्याकडे न बघता बादलीच्या कडीवरची माती खरवडत होते. “मी म्हटलं, घरात बायको असताना मला कशाला सांगतोस रे? त्याने वाकून नमस्कार केला. चांगला खालपर्यंत.”

विरळणी म्हणजे फार तर दहा दिवस. दहा दिवसांनीही तो येणार नव्हता.

“मी करेन,” शुभा म्हणाली. “तुम्हाला कशाला त्रास.”

“करा, करा,” ते हळूच म्हणाले, आणि बादली तिथेच ठेवून आपल्या भेंड्यांकडे गेले.

ती उठून मांडवाला वळसा घालून गेली. मागचा अर्धा वाफा स्वच्छ होता. एक काडी गवत नव्हतं. माती खोल खणून, खडे वेचून, चाळल्यासारखी मऊ केलेली होती. तीत दोन सरळ ओळींनी, बाटलीचं बूड दाबून केलेले गोल होते. शुभाने मोजले, अठरा. प्रत्येक गोलावर मूठभर भाताची तुसं पसरली होती, ऊन लागू नये म्हणून. केवढ्या मायेने. इथून घर सायकलवर आठ मिनिटं, तरी तो तिथवर आला नव्हता.

नुपूर एका गोलापाशी उकिडवी बसली होती. बोट लावत नव्हती, नुसती बघत होती. मोरी-सानांचं बोलणं तिने ऐकलं असणार. मांडव तो केवढा आणि त्यांचा आवाज केवढा.

शुभा तिच्याजवळ बसली. तिने लेकीच्या कपाळावरचा घाम पदराने पुसावा तसा बाहीने पुसला. नुपूरने एकदा मोरी-सानांच्या पाठीकडे पाहिलं, मग आईकडे. एरवी मळ्यावर ती जपानीच बोलायची. आत्ता मराठीत बोलली, अगदी हळू.

“आई, काल पहाटे आपण घरीच होतो ना?”