वहीतली आई

जन्मनोंदीच्या वहीत एका ओळीवर पांढरा लेप सुकला होता. त्यावर नवं नाव.

पोरीच्या दंडावर चिमट्यांचे तीन डाग.

तिसरं मूल असलेल्या माणसाला निवडणूक लढवता येत नाही, असा नियम.

सासऱ्यांनी सरपंचाच्या खुर्चीला नवी गादी शिवून घेतली. ‘‘बाईमाणसाला मऊ हवी,’’ म्हणाले, आणि आधी स्वतःच बसून पाहिली.

हे सगळं एकाच घरातलं.

पंधरा वर्षं सरपंचपद सासऱ्यांकडे होतं. यंदा ते बाईसाठी राखीव झालं. थोरल्या सुनेची कूस उजवली नव्हती, पण ती अंगठेबहाद्दर. उमेदवार सातवी पास हवी. धाकटी दहावी शिकलेली, पण पदरात तीन मुली. शेंडेफळ चार वर्षांचं.

‘‘तुला दोनच पोरी,’’ सासरे जेवताजेवता धाकटीला म्हणाले. ‘‘तिसरी थोरलीची.’’

‘‘मामंजी, नोंद माझ्या नावावर आहे.’’

‘‘नोंद कुठंय? आपल्याच कार्यालयात. शहरात असतो तर नगरपालिकेची दहा टेबलं पुजावी लागली असती. सरकारनं गावाच्या हाती अधिकार दिलेत, ते काय लोणचं घालायला?’’

नवऱ्यानं भाताचा घास गिळला. ‘‘पोर घरातल्या घरातच राहणार. नाव काय अंगाला चिकटतं?’’

ग्रामसेवक वही पिशवीत घालून घरीच आला. धाकटीनं सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

मग शिकवणी. ‘आई’ म्हटलं की चिमटा, ‘काकू’ म्हटलं की खडीसाखर. चिमटा धाकटीनंच काढायचा, असं सासऱ्यांनी ठरवलं. ‘‘दुसऱ्यानं मारलं तर तुझ्याच कुशीत शिरेल. तूच मार, म्हणजे सुटेल.’’

म्हातारा माणूस पारखण्यात कधी चुकत नसे. तिसऱ्या आठवड्यात पोर सुटली.

धाकटी निवडून आली. सासरे बोट ठेवतील तिथं सही, ग्रामसेवक पुढं करील तिथं शिक्का. पाण्याची टाकी कुठं बांधायची, दिवे कोणत्या गल्लीत लावायचे, ते ओसरीवर ठरे. वर्ष असंच सरलं.

एका दुपारी पोरगी पायरीवरून पडली. गुडघा फुटला. धाकटी धावली, तिला उचलायला वाकली. पोर अंग चोरून मागं सरली. ‘‘काकू, मारू नको. मला आईकडे ने.’’

पुढच्या ग्रामसभेत धाकटी गादीच्या खुर्चीवरून उठली. समोर दोनशे माणसं होती; सासऱ्यांजवळ पोर, बायकांच्या मागं थोरली उभी.

‘‘विषय क्रमांक एकच,’’ ती म्हणाली. ‘‘धाकटी पोर माझी आहे. नोंद खोटी, सही माझी. पद गेलं तर जाऊ द्या. ग्रामसेवक, लिहा.’’

ग्रामसेवकानं पेनाचं टोपण लावलं. ‘‘बाईसाहेब, वहीत तसं नाही.’’

ती बायकांच्या रांगेकडे वळली. तिच्या बाळंतपणात शेक देणारी शेजारीण पुढंच बसली होती. ‘‘मावशी, तुम्ही तर नाळ पाहिलीय. सांगा की.’’

मावशीनं पदर सारखा केला. ‘‘मला मेलीला आता कुठं आठवतंय, बाई.’’ तिच्या गल्लीत कालच दिवा लागला होता.

सासरे अगदी मायेनं बोलले, ‘‘सूनबाई दमलीय. पोरीलाच विचारू. लेकराच्या तोंडी देव असतो. बाळ, तुझी आई कोण?’’

पोरीनं आधी धाकटीच्या हाताकडे पाहिलं. दोन बोटांकडे. मग पळत जाऊन थोरलीच्या पायांना मिठी मारली.

‘‘ही.’’

थोरलीनं तिला कडेवर घेतलं. तिचे हात सुटले नाहीत. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. ग्रामसेवकानं टोपण काढलं आणि लिहिलं : विषयावर चर्चा होऊन तो सर्वानुमते फेटाळण्यात आला. खाली सरपंचांच्या सहीची जागा सोडली.

दहा महिन्यांची असताना ही मुलगी धाकटीकडे पाहून पहिल्यांदा ‘आई’ म्हणाली होती, तेव्हा थोरली महिनाभर माहेरी होती.