उलटं छापलेलं कोडं

मित्रांनो, मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे; पण टेबलावर आडवा पडणारा नव्हे, भिंतीवर ताठ उभा राहणारा. चांगला पुरुषभर उंच. माझ्या प्रत्येक घरात एक खिळा आहे आणि त्यावर पत्र्याच्या चपट्या सोंगट्या टांगतात. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका माणसानं मला बनवलं. त्यानं घोड्यांना गाढवाचे कान काढले, ते अजून तसेच आहेत. मला त्याची लाज वाटत नाही.

आतल्या खोलीत दोघं खेळायचे आणि बाहेर मी त्यांची प्रत्येक चाल लोकांना दाखवायचो. लोक ती उतरवून घ्यायचे, घरी नेऊन मुलांना शिकवायचे. एकदा आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या चिटणिसाला वाटलं, चाली आपल्या मालकीच्या आहेत, उतरवायला बंदी घालावी. मंडळाचे परीक्षक वकीलकाका हसले. म्हणाले, अर्ध्या चाली ह्याच्या, अर्ध्या त्याच्या. दोघांचं भांडण चारचौघांत झालं, आता त्याला कुलूप कसलं लावताय? मला ते पटलं. घडून गेलेला डाव कोणाच्या बापाचा नसतो.

कोडं मात्र आपोआप घडत नाही. ते कोणीतरी बसून रचावं लागतं.

मंडळात दातांच्या डॉक्टर असलेल्या एक ताई यायच्या. दिवसभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि संध्याकाळी कोडी रचायच्या. ‘दोन चालींत मात करा’ अशा एका कोड्यातलं एकच प्यादं त्या कित्येक महिने इकडून तिकडे सरकवत होत्या. शेवटी नवऱ्यानं विचारलं, ह्या प्याद्याचंही ताट वाढू का?

कोडं जमलं. ताईंनी ते मंडळाच्या स्पर्धेला दिलं आणि माझ्यावर टांगलं. निकालाआधीच ते वर्तमानपत्रात आलं. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे, आणि खाली नाव सदरवाल्यांचं. हे गृहस्थ दर आठवड्याला बुद्धिबळाचं सदर लिहायचे. वर त्यांनीच वकीलकाकांना कळवलं, की ताईंचं कोडं माझ्या जुन्या कोड्याची नक्कल आहे, स्पर्धेतून बाद करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ताईंच्या एवढ्या मेहनतीवर आता चोरीचा शिक्का बसणार होता.

काकांनी दोघांना माझ्यासमोर बोलावलं. सदरवाले अगदी निवांत होते.

“सोंगट्या सगळ्यांच्या, घरं सगळ्यांची. मग मांडणी एकट्या बाईंची कशी? कायदा दाखवा.”

“ह्या बाबतीत दोन वकील बसवलेत तर तीन मतं निघतील,” काका म्हणाले. “ते राहू द्या. तुमचं कोडं सुटतं कसं?”

“पुढच्या आठवड्यात छापतोय की.”

“आत्ताच टांगा,” ताई म्हणाल्या.

सदरवाल्यांनी टांगलं. वजीर हलवून पाहिला, हत्ती हलवला, उंट हलवला. काळा राजा दर वेळी निसटला. कपाळ पुसत ते म्हणाले, छपाईत काहीतरी चुकलंय.

ताईंनी सगळ्या सोंगट्या काढून आपल्या कोड्यातल्या मूळ जागी टांगल्या. मग पांढरा राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे आणून ठेवला. ह्याला किल्लेकोट म्हणतात. आता काळ्यानं काहीही केलं तरी पुढच्या चालीला मात होती. पण किल्लेकोट राजा स्वतःच्या घरात असेल तरच करता येतो. चोरी लपवायला सदरवाल्यांनी कोडं उलटं केलं, तेव्हा राजा वजिराच्या घरात जाऊन बसला. किल्लेकोट गेला, त्याबरोबर उत्तरही गेलं. उत्तर शोधायचे कष्ट तर त्यांनी घेतलेच नव्हते.

“दुसऱ्याची कवळी घालून चावता येत नाही, सर,” ताई म्हणाल्या.

काकांनी ताईंचं कोडं स्पर्धेत ठेवलं. पुढच्या आठवड्यात ते वर्तमानपत्रात सुलट छापून आलं, ताईंच्या नावानं.

आता माझं काम संगणकाचा पडदा करतो. मी जिन्याखाली आहे आणि माझ्या खिळ्यांवर लोक छत्र्या टांगतात. कधी वाटलं तर माझ्यावरची धूळ पुसा, खिळ्यांना थेंबभर तेल द्या. डाव बघा, उतरवा, खुशाल शिका. पण मित्रांनो, कोणाचं कोडं मांडलंत, तर रचणाऱ्याचं नाव खाली लिहा. मालकीचं काय ते कायदा ठरवेल, त्याच्या सवडीनं. नाव लिहायला तुम्हाला कायदा कशाला लागतो?