दोन नाकांमधली खुर्ची

मंगळवारी हेमलता उकिडवेची बदली मंजूर झाली. बुधवारी ती झालीच नव्हती असं ठरलं. खात्यात ठरलेल्या गोष्टीचा दर्जा घडलेल्या गोष्टीपेक्षा वरचा असतो, तेव्हा आपणही बदली झाली नव्हती असंच धरून चालू. मंगळवारी तिनं वकिलातीत वाटलेले पेढे लोकांनी बुधवारी आणून दिले. अख्खे. पेडणेकर स्टेनोनं दोन खाल्ले होते, त्यानं दोन परत केले.

साल्दोव्हा हा देश एका नदीच्या दोन काठांवर आहे. उत्तर काठावर काल्व कंपनी विमानं बनवते, दक्षिण काठावर ओर्डिन कंपनी विमानं बनवते, आणि मधल्या बेटावर वकिलाती आहेत. आपल्या सरकारला साठ विमानं घ्यायची होती. कुणाची घ्यावीत याचा अहवाल वकिलातीनं द्यायचा होता. ती फाइल हेमलताकडे होती, कारण व्यापाराचं काम तीच बघायची. अहवाल राजदूताच्या सहीनं गेला की ती मोकळी. जुने राजदूत सज्जन होते, ते तिची बदली करून निवृत्त झाले. नवे राजदूत बुधवारी आले आणि म्हणाले, "फाइल निघेपर्यंत ताईंना हलवायचं नाही. मला इथलं काय कळतंय?"

हे अप्पासाहेब झांबरे. पक्षानं आमदारकीचं तिकीट दिलं नाही म्हणून त्यांनी अपक्ष अर्ज भरला होता, आणि श्रेष्ठींचा फोन आल्यावर तो मागे घेतला होता. अशा माणसाचं पुनर्वसन करावं लागतं. महामंडळं सगळी भरलेली होती. एक देश रिकामा होता.

"मला म्हणाले, अप्पा, साल्दोव्हा घ्या," अप्पासाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मला वाटलं कारखाना आहे. इथं येऊन बघतो तर झेंडा."

हेमलताला घाई होती. कराडला तिचे वडील आता तिला विसरत जाणार होते. दर रविवारी एक वर्ष, शेवटाकडून सुरुवातीकडे. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर त्यांनी गाड्या वेळेवर सोडल्या होत्या, तशीच आता वर्षं सोडणार होते. एकही रविवार चुकणार नव्हता. हेमलता एकोणचाळीस वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले होते, समोर येऊन बसा, म्हणजे विसरणं जिथल्या तिथं थांबेल. त्यांना चेहरा लागतो, आवाजावर भागत नाही.

एकोणचाळीस रविवार, हा काही थोडा वेळ नाही, असं तिला वाटलं. अहवाल चार पानांचा होता.

सोमवारी काल्व कंपनीचा माणूस आला. त्याचं नाव इव्हार लोम. तो मराठीच बोले. साल्दोव्हात सगळेच बोलत, फक्त वकिलातीत इंग्रजी चाले. त्यानं अप्पासाहेबांच्या टेबलावर विमानाचं वीतभर मॉडेल ठेवलं. अप्पासाहेब उठून उभे राहिले.

"पेडणेकर, हळदकुंकू आणा. नारळ आणा."

"साहेब, हे मॉडेल आहे," हेमलता म्हणाली. "शोभेचं."

"नवी गाडी दारात आली आणि पूजा नाही? मग ती फटफटी असो नाहीतर हे असो."

त्यांनी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडून पाणी पंखांवर शिंपडलं. मग लोमच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, "तुमचं काम झालंच म्हणून समजा."

मंगळवारी सकाळी मॉडेल दीड वीत झालेलं होतं. पूजा झालेली वस्तू वाढीला लागते हे पेडणेकरला आधीपासून माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

गुरुवारी ओर्डिन कंपनीचा माणूस आला. तोही इव्हार लोमच होता. त्यानं ओर्डिनचं मॉडेल ठेवलं, शेजारच्या मॉडेलकडे बघितलं आणि रागानं त्याचे ओठ पांढरे पडले.

"हे कुणी आणलं?"

"तुम्हीच. सोमवारी," हेमलता म्हणाली.

"त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढू नका."

अप्पासाहेबांनी दुसरा नारळ फोडला. त्यांच्याकडे शाली डझनावारी होत्या.

त्या रविवारी अण्णांनी फोनवर विचारलं, "बढतीचं काय झालं गं तुझ्या?" बढती मागच्या वर्षीच झाली होती. म्हणजे ते वर्ष गेलं होतं. तिनं सेवापुस्तिका काढून बघितली. त्या वर्षाचं पान कोरं झालं होतं, शिक्कासुद्धा उरला नव्हता.

विमानं दोन्ही सारखीच होती. दोन्हींना पंख होते. हेमलतानं चिठ्ठ्या टाकल्या आणि अहवालात काल्वचं नाव लिहिलं. अप्पासाहेबांनी सही केली आणि काल्वच्या पुढं स्वतःच्या हातानं "व ओर्डिन" असं जोडलं. अहवाल परत आला: एकच नाव द्यावे. तिनं ओर्डिन लिहिलं. अप्पासाहेबांनी "व काल्व" जोडलं. असं सहा वेळा झालं. दर सोमवारी आणि दर गुरुवारी पूजा होत होती. मॉडेलं टेबलावरून उतरून जमिनीवर आली. एकाचं शेपूट खिडकीबाहेर गेलं, तर दुसऱ्यानं तीन दिवसांत भिंत ओलांडली.

तिनं बदलीचा अर्ज नव्यानं केला, वडिलांच्या आजारपणाचं कारण देऊन. अप्पासाहेबांनी त्यावर शेरा मारला: सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. उत्तर पाचव्या रविवारनंतर आलं. अशा बदलीला दहा वर्षं सेवा लागते. अर्जदाराची नऊ भरतात. तिची चौदा होती. पण पाच पानं कोरी होती आणि खातं पानं मोजतं.

मग ती अप्पासाहेबांच्या खोलीत गेली. पंखाखालून वाकून जावं लागलं.

"अप्पासाहेब, एकच नाव लिहा. कुठलंही."

"आणि दुसऱ्याला काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा. दुसरा म्हणजे तरी कोण? तोच माणूस आहे तो!"

"मग तर अजिबात नको. एकाच माणसाला सोमवारी खूश करून गुरुवारी दुखवायचं? हे कुठलं राजकारण, ताई?"

"माझे वडील मला विसरताहेत हो."

अप्पासाहेब वाईट नव्हते. त्यांचे डोळे खरंच भरून आले. "बघतो," ते म्हणाले. "तीस वर्षांत 'नाही' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. बघतो निघतो का."

त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि जोर लावला. दातांमधून शालीचं टोक बाहेर आलं. हेमलतानं ते ओढलं. शाल येतच राहिली. भगवी, जरीच्या काठाची, घडीच्या खुणांसकट. सगळी बाहेर आल्यावर अप्पासाहेबांनी धाप टाकत ती झटकली आणि तिच्या खांद्यावर घातली.

"तुमचं काम झालंच म्हणून समजा," ते म्हणाले.

चौदाव्या रविवारी अण्णांनी विचारलं, "निकाल कधी आहे तुझा? मुलाखत बरी गेली ना?" सेवापुस्तिकेत आता फक्त पुठ्ठा उरला होता. सोमवारपासून हेमलता नोकरीत नव्हती. नोकरीत नसलेल्या माणसाची बदली होत नाही, त्याला रजा देता येत नाही, त्याचा राजीनामा घेता येत नाही. तिचा सरकारी पासपोर्टही कोरा झाला. साधा पासपोर्ट वकिलातीतच मिळतो, त्यासाठी अर्ज तपासून सही करणारा अधिकारी लागतो, आणि ते टेबल हेमलताचं होतं. तिनं स्वतःचा अर्ज स्वतःसमोर ठेवला आणि अधिकारी जागेवर नसल्याचं बघून परत घेतला.

एका सोमवारी तिनं इव्हार लोमला जिन्यात गाठलं. "तुम्ही माघार घ्या. दोघांपैकी कुणीही."

"मी घेतली असती," लोम म्हणाला. तो फार थकलेला दिसत होता. "पण गुरुवारचा माणूस ऐकायचा नाही. मी त्याला ओळखतो."

विसाव्या आठवड्यात व्हिसाची रांग पंखावर लागू लागली. पेडणेकरनं आपला टाइपरायटर चाकाच्या पोकळीत हलवला. ऊब असते, म्हणाला. पंचविसाव्या आठवड्यात खोल्या संपल्या. उत्तरेच्या दारातून काल्वचं विमान आत आलेलं होतं, दक्षिणेच्या दारातून ओर्डिनचं, आणि दोघांची नाकं मधल्या बोळात समोरासमोर आली होती. दोन नाकांच्या मध्ये हेमलताची खुर्ची होती. टेबल आधीच मोडून काढावं लागलं होतं. सोमवारी उत्तरेचं नाक चार बोटं पुढं येई, गुरुवारी दक्षिणेचं. नाकांवरचं कुंकू तिच्या दोन्ही दंडांना लागे.

"उठून बाहेर या की, मॅडम," पेडणेकर म्हणाला.

"फोन इथंच पोचतो," ती म्हणाली. ते खरं होतं. फोनची तार तेवढीच लांब होती.

अण्णा तिच्या दहावीतून मागे गेले. सातवीत आले. गुडघा बरा आहे का, सायकलला हात लावू नकोस म्हणाले. "नाही लावत, अण्णा," ती म्हणाली. आणि तिसाव्या रविवारी त्यांचा आवाज एकदम बदलला. वीस वर्षांनी तरुण झाला.

"थांब, तुझी आई विचारतेय, जेवलीस का?"

हेमलता नऊ वर्षांची असताना आई गेली होती. ते वर्ष आता मागे पडलं होतं. फोनमधून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता, आणि बांगड्यांचा.

"अण्णा, तिला द्या ना फोन."

"अगं, तिचे हात पिठाचे आहेत."

पुढच्या रविवारी आई हात धूत होती. त्याच्या पुढच्या रविवारी वाळवण गोळा करायला गेली होती. अण्णा हसत होते. मागून भांड्याला भांडं लागत होतं. हेमलता नाकांच्या मध्ये अंग चोरून बसली होती, आणि पहिल्यांदाच तिला रविवारची वाट बघावीशी वाटत होती, याची तिला भीती वाटली.

पस्तिसाव्या रविवारी ती चार वर्षांची होती. "फोनवर किती शहाण्यासारखी बोलतेस गं!" अण्णा म्हणाले. "भोंगा ऐकायचा? ऐक. कराड-चिपळूण, फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. प्रवाशांनी गर्दी करू नये." ती हसली. छाती भरून हसायला मात्र आता जागा नव्हती.

छत्तिसाव्या आठवड्यात काथ्या आणि दोर महामंडळाचं अध्यक्षपद रिकामं झालं. अप्पासाहेबांनी देश मागे घेतला आणि सामान बांधलं. जायच्या दिवशी ते दोन्ही विमानांच्या पाया पडले, चाकाला हात लावून, आणि बोळाच्या तोंडाशी आले. आत येता येण्यासारखं नव्हतं.

"ताई, येऊ मी?"

"अहवाल?"

"नवा माणूस करेल."

"नवा माणूस कधी येणार?"

"पुढच्या निवडणुकीत कुणीतरी नाराज होईलच की," अप्पासाहेब म्हणाले. "लोकशाही आहे." त्यांनी दोन नाकांच्या फटीतून हात घालून तिच्या हातात नारळ दिला. तो तिला धरता आला नाही, मांडीवर राहिला.

राजदूत नसला तरी पूजा चालू राहिल्या. ती आता रूढी झाली होती. लोम स्वतःच नारळ आणी, स्वतःच फोडी आणि स्वतःलाच शाल घाली.

एकोणचाळिसाव्या रविवारी फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कोण? डेपोतून का?" अण्णांना धाप लागली होती. "अहो, आज सुट्टी टाका माझी. मुलगी झाली मला. आत्ता, पहाटे. सात पौंडांची."

"अभिनंदन," हेमलता म्हणाली. "नाव काय ठेवणार?"

"बारशाला ठरवू. हिला विचारतो, अजून झोपलीय ती." आणि मग आवाज खाली आणून, "फार गोड आहे हो. मुठी अशा घट्ट आवळून ठेवल्यात. उघडतच नाही."

चाळिसाव्या रविवारी बराच वेळ रिंग वाजली.

"कोण पाहिजे?"

"अण्णा, मी."

"बाई, नंबर चुकला तुमचा. इथं अण्णा म्हणणारं कुणी नाही. मी आणि माझी बायको, दोघंच असतो." मागं कुणीतरी काहीतरी विचारलं. बाईचा आवाज होता. "कुणी नाही गं, चुकून लागला," अण्णा तिला म्हणाले, आणि हेमलताला अदबीनं म्हणाले, "चौकशीच्या खिडकीवर विचारा. ते सांगतील."

सोमवारी उत्तरेचं नाक चार बोटं पुढं आलं. हेमलताला हात वर करता येईनात, तेव्हा तिनं पेडणेकरला हाक मारली. तो चाकाच्या पोकळीतून सरपटत आला, पोटावर टाइपरायटर घेऊन आडवा पडला आणि म्हणाला, "सांगा मॅडम, हळू सांगा." अर्जावर सही कोण करणार आणि तो पाठवणार कुणाकडे, हे त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलं, त्यानं टाइप केलं:

विषय: अर्जदाराच्या जन्माबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराचा जन्म झालेला असल्याचे अर्जदाराच्या वडिलांना खात्यामार्फत समक्ष कळविण्यात यावे. तथापि, सदर कळविताना त्यांच्या पत्नी हयात नसल्याचा उल्लेख कोठेही करण्यात येऊ नये.